दी सकोला आणि मॅकतॅपतॅ: सुंदानी आणि उइघुर या भाषांचं काही नातं आहे का?

अनुराधा_दूरदेशी

नमस्कार मंडळी. प्रश्न मला का पडला ते आधी सांगते, नाहीतर या दोन भाषा एका वाक्यात आल्याच कुठून असं वाटेल.

कझाखस्तानातल्या अल्माटीत मी सहा वर्षं डॉक्टरकी शिकले. पहिलं वर्ष वसतिगृहात काढलं आणि पुढची पाच वर्षं सुलतानकोर्गान भागात एका उइघुर, म्हणजे मूळच्या पश्चिम चीनमधल्या, कुटुंबाकडे खोली घेऊन राहिले. घरमालकीणबाईंना मी 'आपा' म्हणायचे. आपा म्हणजे आई. वर्गात इंग्रजी, बाहेर रशियन नाहीतर कझाख आणि घरात उइघुर. व्याकरणाचं पुस्तक मी कधी उघडलं नाही. लघमॅनचं पीठ दोरीसारखं ओढत लांब करताना आपांच्या शेजारी उभं राहून जे कानावर पडलं, तेवढीच माझी उइघुर.

लग्नानंतर नवऱ्याला कापडगिरणीत नोकरी लागली आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही पश्चिम जावात, बांडुंगला आलो. इथे ऑफिसात इंडोनेशियन चालते, पण गल्लीत सुंदानी. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात, सगळी गल्ली त्यांना 'एनिन' म्हणते, म्हणजे आजी. रोज संध्याकाळी तासभर त्या मला सुंदानी शिकवतात. माझी चार वर्षांची लेक त्यांच्याच ओट्यावर वाढतेय म्हटलं तरी चालेल.

पहिल्याच आठवड्यात एनिननी शिकवलं: दी सकोला, ती सकोला, का सकोला. शाळेत, शाळेतून, शाळेला. मी वही मिटून त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. कारण आपा म्हणायच्या: मॅकतॅपतॅ, मॅकतॅपतिन, मॅकतॅपकॅ. शाळेत, शाळेतून, शाळेला! तॅ, तिन, कॅ आणि दी, ती, का. तिन्हीच्या तिन्ही जागी!

मग कान टवकारले तर असं किती तरी सापडायला लागलं. जगाला दोघीही 'दुन्या' म्हणतात. वेळेला आपा 'वाकित' म्हणायच्या, एनिन 'वाक्तु' म्हणतात. विचाराला उइघुरमध्ये 'पिकिर' आणि सुंदानीतही 'पिकिर'. दोघींच्या तोंडी 'फ' येत नाही, तिथे 'प' येतो. माझ्या फॅकल्टीला आपा 'पाकुल्तेत' म्हणायच्या, आणि एनिन फोटोला 'पोतो' म्हणतात.

मला भाषाशास्त्र येत नाही. पण उइघुरांच्या काश्गरपासून बांडुंगपर्यंतचं अंतर बघता हे सगळं आपोआप झालं असेल असं मनाला पटत नाही. या दोन भाषा कुठे तरी लांबून बहिणी आहेत का?

अण्णा_निवृत्त

अनुराधाताई, तुमचे कान फार चांगले आहेत. माझं निम्मं आयुष्य हाच विषय शिकवण्यात गेलं, पण तॅ-तिन-कॅ आणि दी-ती-का ही जोडी मी कधी शेजारी ठेवून पाहिली नव्हती.

तरीही उत्तर नाही असंच आहे. उइघुर ही तुर्की कुळातली, उझबेकची सख्खी बहीण. सुंदानी ही ऑस्ट्रोनेशियन कुळातली. मलय, जावानी, फिलिपिन्समधली तागालोग, हवाईची भाषा, आणि आफ्रिकेच्या काठावरची मादागास्करची मालागासी, ही तिची भावकी.

तुम्हाला दिसलेल्या साम्यांत दोन निराळ्या गोष्टी मिसळल्यात. दुन्या, वाकित-वाक्तु आणि पिकिर हे तिन्ही अरबी शब्द. उइघुरमध्ये ते मुख्यतः फारसीच्या हातून आले, सुंदानीत मुसलमान व्यापारी आणि मलय यांच्या मार्फत. 'फिक्र' दोन्हीकडे पोचला आणि दोन्ही घरी 'फ' नव्हता म्हणून दोन्हीकडे त्याचा 'पिकिर' झाला. हाच शब्द आपल्याकडेही आला. आपल्याला 'फ' येतो म्हणून तो 'फिकीर' राहिला, आणि विचाराचा अर्थ मागे पडून काळजीचा तेवढा उरला. एकाच गावाहून तिघांनी माल आणला म्हणून तिघे भाऊ ठरत नाहीत.

दी-ती-का ची गोष्ट वेगळी, ती उसनवारी नाही. तो निव्वळ योगायोग आहे. फारसीत 'बद' म्हणजे वाईट आणि इंग्रजीत 'बॅड' म्हणजेही वाईट; आवाज तोच, अर्थही तोच, पण या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. दोन-तीन ध्वनींच्या इवल्याशा शब्दांत असं हटकून घडतं, कारण जगातल्या भाषांना त, द, क, न हे ध्वनी फार प्रिय. नीट पाहा: उइघुरचे प्रत्यय शब्दाच्या शेपटीला चिकटतात आणि त्याच्या स्वभावाप्रमाणे रूप बदलतात. मॅकतॅप 'प' वर संपतो म्हणून 'तॅ', घर म्हणजे 'ओय' म्हटलं की 'ओयदॅ'. सुंदानीचं 'दी' शब्दाच्या आधी सुटं उभं राहतं आणि पुढे काहीही आलं तरी ढिम्म हलत नाही.

नातं ओळखायची कसोटी म्हणजे एक शब्द सारखा दिसणं नव्हे. फरक नियमाने पडला पाहिजे, आणि तोही आकडे, शरीराचे अवयव, दगड, पाणी, आग अशा घरच्या शब्दांत. उइघुरमध्ये दगड 'ताश', डोकं 'बाश', पाच 'बॅश'. सुंदानीत दगड 'बातु', डोकं 'हुलु', पाच 'लिमा'. कुठे काही जुळतं का? आता तुम्ही अल्माटीत राहिलात म्हणून तुम्हालाच विचारतो: कझाखमध्ये हे तीन शब्द काय आहेत?

अनुराधा_दूरदेशी

अण्णा! तास, बास, बेस. बाप रे. पाच वर्षं दोन्ही भाषा कानावर पडत होत्या, आणि 'श' चा 'स' होतो हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही. म्हणजे कझाख ही उइघुरची बहीण, आणि पुरावा रोज बसच्या तिकिटावर होता.

थोडं वाईट वाटलं हे खरं. माझ्या आयुष्यातल्या या दोन बायका भाषेच्या नात्याने तरी जोडल्या जाव्यात असं वाटत होतं. पण मग एक गोष्ट विचारते. नातं नसेल तर नसो, तुलना तर करता येईल? कारण मला रोज जिथे अडायला होतं ती जागा दोन्हीकडे एकच आहे: मोठ्यांशी बोलणं.

उइघुरमध्ये तू म्हणजे 'सॅन', तुम्ही म्हणजे 'सिझ'. इथवर आपल्यासारखंच. पण आपांच्या सासूबाई काश्गरच्या होत्या, त्या पाहुण्यांना 'सिली' म्हणायच्या. ते सिझच्याही वर, साधारण आपल्या 'आपण'च्या जागी. क्रियापदही त्याबरोबर बदलतं. लहानाला 'कॅल' म्हणजे ये, मोठ्याला 'केलिङ' म्हणजे या, आणि सासूबाईंच्या तोंडी दार उघडता उघडता येणारं 'कॅलसिलॅ'. ते 'यावं, यावं' ऐकलं की बाहेरची थंडी विसरायला व्हायची. एकदा सर्वनाम आणि त्याचं शेपूट जमलं की काम झालं. जेवण, घर, झोप हे शब्द सगळ्यांना तेच.

सुंदानीत मात्र शब्दच बदलतो. जेवणं म्हणजे मित्रांत 'दाहार'. स्वतःबद्दल नम्रपणे सांगताना 'नेदा'. मोठ्यांच्या जेवणाला 'तुआंग'. लहान मुलांचं 'एमाम'. जनावराचं 'ञातु', आणि माणसाला ते लावलं तर आपल्या 'गिळलंस का?' पेक्षाही वाईट. घराचंही तसंच: साधं 'इमाह', स्वतःचं 'रोरोंपोक', आणि दुसऱ्याचं मानाचं घर म्हणजे 'बुमी'. हो, आपलं 'भूमी'च!

मी काय केलं ते सांगते. आल्यानंतर तिसऱ्या महिन्यात एनिनकडे घरगुती कार्यक्रम होता, दहा-बारा बायका बसलेल्या. मला वाढायला आल्या तर मी घरून पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं: "आब्दी पारांतोस तुआंग." मला वाटलं, आदराचा शब्द म्हणजे जास्त सभ्य शब्द. प्रत्यक्षात मी म्हणाले होते, मी भोजन ग्रहण करून आले आहे. कोपऱ्यातल्या दोन मुली ओढणीत तोंड लपवून हसल्या. एनिननी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या हातावर हात ठेवून इतक्या सहज म्हणाल्या, "ओह, पारांतोस नेदा? सुकुर आतुह." म्हणजे, हो का, जेवून आलीस, बरं झालं. माझंच वाक्य त्यांनी दुरुस्त करून मला परत दिलं, आणि चूक झाली असं कुणाला जाणवूही दिलं नाही. तो हाताचा स्पर्श मला अजून आठवतो. तेव्हापासून 'नेदा' हा शब्द मी एकदाही चुकले नाही.

अण्णा, हे असं कुठून आलं?

अण्णा_निवृत्त

जावामधल्या मातारामच्या राजदरबारातून. सतराव्या शतकात सुंदा प्रदेशाचा मोठा भाग मातारामच्या अमलाखाली गेला आणि सुंदानी सरदारांनी जावानी दरबाराची रीत उचलली. त्याआधीच्या जुन्या सुंदानी पोथ्यांत ही पायऱ्यांची उतरंड दिसत नाही. आणि आजही बांतेनच्या डोंगरात राहणारे कानेकेस, ज्यांना बाहेरचे लोक बादुई म्हणतात, ते या पायऱ्या पाळत नाहीत. राजापाशीही तीच भाषा आणि शेजाऱ्यापाशीही तीच.

म्हणून तुमच्या तुलनेत मला फार अर्थ दिसतो. उइघुर आदर ठेवते माणसाच्या नावापाशी आणि क्रियापदाच्या टोकाला, म्हणजे व्याकरणात. सुंदानीने तो ठेवला शब्दसंग्रहात, आणि त्यातही एक खास गोष्ट केली: समोरच्याला वर चढवण्याइतकंच स्वतःला खाली उतरवणं सक्तीचं केलं. तुमची चूक तिथेच झाली. अनोळखी भाषेत माणूस समोरच्याचा मान राखायला लवकर शिकतो, पण स्वतःसाठी निराळा शब्द घ्यायचा हे सुचत नाही.

एक पोथी तुम्हाला आवडेल म्हणून सांगतो. १५१८ सालच्या 'संगह्यांग सिक्सकांदांग करेसियन' या जुन्या सुंदानी ग्रंथात कुठली विद्या कुणाला विचारावी याची यादी आहे. त्यात म्हटलंय की चीन, केलिंग म्हणजे आपला कलिंग, फारस, मिसर, बंगाल अशा देशोदेशींच्या भाषा जाणून घ्यायच्या असतील तर 'जुरुबासा'ला विचारा. जुरु म्हणजे जाणकार आणि बासा म्हणजे भाषा. तिकडे काश्गरच्या महमूदने अकराव्या शतकात, १०७० च्या दशकात, बगदादेत बसून अरबांना तुर्की बोली कळाव्यात म्हणून कोश रचला. म्हणजे दोन्ही लोकांना परक्याच्या भाषेची किंमत फार पूर्वीपासून कळत होती.

लिपीवेडा

अण्णा आणि ताई, लिप्यांचं कुणी बोललंच नाही, म्हणून मध्ये शिरतो.

सुंदानीची जुनी लिपी ब्राह्मीची नात. पल्लव लिपीमार्गे गेलेली, म्हणजे देवनागरीची चुलत बहीण. मुळाक्षरं म्हणायला लागलं की आपली बाराखडीच आठवते: का गा ङा, चा जा ञा, ता दा ना, पा बा मा, या रा ला, वा सा हा. महाप्राण गाळून टाकलेत, बाकी क्रम तोच. बोगोरच्या बातुतुलिस शिलालेखावर १५३३ ची अक्षरं आजही पाहता येतात. पुढे तिथे जावानी वळणाची लिपी आली, अरबी वळणाची पेगोन आली आणि शेवटी रोमन स्थिरावली. जुन्या लिपीवरून प्रमाण लिपी घडवून ती २००८ मध्ये युनिकोडमध्ये दाखल झाली.

मला त्यातलं एक चिन्ह फार आवडतं. आपण ज्याला हलंत म्हणजे पायमोडका म्हणतो, त्याला सुंदानीत 'पामाएह' म्हणतात. 'पाएह' म्हणजे मरणं. पामाएह म्हणजे मारणारा, अक्षरातल्या स्वराला मारणारा. आपण पाय मोडतो, ते जीवच घेतात.

आणि ङ-ञ बद्दल. शाळेत 'क ख ग घ ङ' घोकताना प्रत्येकाला वाटतं, हे अक्षर वाङ्मयाशिवाय लागतं कुठे? सुंदानीत ते शब्दाच्या सुरुवातीलाच येतं. नाव म्हणजे 'ङारान', माया म्हणजे 'ञाआह'. या दोन अक्षरांना खरं काम असलेली भाषा भेटली की मला बरं वाटतं.

उइघुर लिपीबद्दल एवढंच: ती अरबी वळणाची असली तरी उर्दूसारखी स्वर गाळत नाही. आठही स्वरांना स्वतंत्र अक्षरं आहेत, वाचताना अंदाज करावा लागत नाही. आणि चंगेजखानाच्या मंगोलांनी उचललेली उभी लिपी ही तुर्फानकडच्या प्राचीन उइघुरांची. पण आजची उइघुर भाषा त्या प्राचीन भाषेची थेट लेक नाही. दोघींची शाखा वेगळी, फक्त नाव वारशाने आलं. आजच्या लोकांनी ते १९२१ नंतर पुन्हा धारण केलं.

अनुराधा_दूरदेशी

लिपीवेडा, तुमच्यामुळे एक डबा आठवला.

आपांचं माहेर गुल्जाचं, इली नदीच्या खोऱ्यातलं. १९६२ मध्ये हजारो माणसं सरहद्द ओलांडून सोव्हिएत कझाखस्तानात आली, त्यात आपांचे वडील बायको-मुलांसकट होते. मागे त्यांची भावंडं राहिली. आपांच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात तिकडून आलेली पत्रं. एका हिवाळ्यात त्यांनी तो माझ्यासमोर उघडला.

सगळ्यात जुनी पत्रं अरबी वळणात, मोठ्या काकांच्या हातची. मग काही रोमन अक्षरांत, कारण साठ-सत्तरच्या दशकांत चीनने तिथे नवी रोमन लिपी आणली आणि काकांची मुलं शाळेत तीच शिकली. १९८२ नंतर लिपी पुन्हा अरबी वळणाची झाली, म्हणजे नातवंडांची पत्रं परत उजवीकडून डावीकडे. आणि आपा स्वतः शिकलेल्या सिरिलिक लिपीत, कारण त्या सोव्हिएत शाळेत गेल्या. एकाच घराण्याची एकच भाषा आणि तीन लिप्या! मोठ्या काकांचं पत्र आलं की आपांना ते वाचायला मशिदीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे जावं लागायचं. ते मोठ्याने वाचायचे, त्या ऐकायच्या आणि घरी येऊन सिरिलिकमध्ये उतरवून ठेवायच्या. ऐकलं की शब्द न् शब्द कळायचा. कागद हातात असून डोळ्यांना काही कळत नाही याचं दुःख त्या सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

नीलांबरी_प

फार सुंदर धागा. साधा प्रश्न: मराठी माणसाला यातली कुठली भाषा सोपी जाईल?

अनुराधा_दूरदेशी

नीलांबरी, मला विचाराल तर वाक्य उइघुरचं सोपं आणि शब्द सुंदानीचे सोपे.

उइघुरचा क्रम अगदी आपला. 'मॅन किताब ओकुदुम': मी पुस्तक वाचलं. क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दामागे. सुंदानीत 'आब्दी माचा बुकु': मी वाचते पुस्तक. सुरुवातीला माझं क्रियापद सारखं शेवटी घसरायचं. उइघुरमध्ये अडचण येते ती स्वरांची. प्रत्यय लागला की शब्दाचा स्वर मऊ पडतो. 'बाला' म्हणजे मूल, पण मुलं म्हणजे 'बालिलार'. 'आपा' म्हणजे आई, पण त्याची आई म्हणजे 'आपिसी'.

आणखी एक आपल्यासारखी गोष्ट. पहिल्या हिवाळ्यात आपांनी सकाळी पडदा सरकवला, बाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "कार येघिप्तु." बर्फ पडलाय वाटतं. रात्री पडताना कुणी पाहिलं नव्हतं, सकाळी पांढरं दिसलं तेव्हा कळलं. पडताना स्वतः पाहिलं असतं तर म्हणाल्या असत्या, 'कार याघदी'. आला आणि आलाय म्हणे, पडला आणि पडलाय वाटतं, हा फरक आपण शब्द जोडून करतो. त्यांचं क्रियापदच तो करतं. ऐकीव गोष्ट स्वतः पाहिल्यासारखी सांगायची सोयच नाही. हे मला फार प्रामाणिक वाटतं.

सुंदानीत क्रियापदाला काळच नाही. झालं, चाललंय, होणार हे सांगायला सुटे शब्द, आणि त्यांनाही मानाचे जोड: साधं 'गेउस', आदराचं 'पारांतोस'. पण शब्द ओळखीचे. रासा, गुरु, कथेला चारिता, अर्थाला हार्ती. आणि रमजानात तर मी चकित झाले. आपा 'रोजा तुत्माक' म्हणायच्या, म्हणजे रोजा धरणं, फारसी शब्द. एनिन म्हणतात 'पुआसा', म्हणजे आपला उपवास! नरकाला आपा 'दोझाख' म्हणायच्या, एनिन म्हणतात 'नाराका'. स्वर्गाला एनिन 'सावार्गा' म्हणतात. दोघी पाच वेळा नमाज पढणाऱ्या. एकीच्या श्रद्धेचे शब्द फारसीतून आले, दुसरीचे इस्लाम यायच्या आधीच घरात होते आणि तेच पुढे वापरात राहिले.

आणि सुंदानीतली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. बसला म्हणायच्या आधी ते 'गेक' म्हणतात. गेक दिउक: मटकन बसला. जुंग नांगतुंग: ताडकन उठला. लेओस इंदित: सटकन निघून गेला. ब्लुस आसुप: सुळकन आत शिरला. जवळजवळ प्रत्येक हालचालीला तिचा ठरलेला आवाज. इंग्रजीत हे समजावताना मी थकले असते. मराठीत एका '-कन'ने काम होतं.

अण्णा_निवृत्त

वा! मग त्यांचे आकडे एनिनना विचारा. नवाला 'सालापान' म्हणतात, त्याची फोड सा-आलाप-आन, म्हणजे दहातून एक घेतलेला. आपण एकोणीस, एकोणतीस म्हणतो, म्हणजे एक ऊन वीस, एक ऊन तीस, तोच विचार.

नीलांबरी_प

आणि आज या भाषांचं काय चाललंय? पुढची पिढी बोलते का?

अनुराधा_दूरदेशी

हे लिहायला मला जड जातं, पण विचारलंत म्हणून लिहिते.

सुंदानी बोलणारे तीन कोटींहून अधिक आहेत. इंडोनेशियाच्या राज्यघटनेचं ३२ वं कलम प्रादेशिक भाषांचा आदर आणि जतन करायला सांगतं. शाळेत सुंदानी विषय आहे, 'मांगले' हे साप्ताहिक १९५७ मध्ये सुरू झालं, लेखक अजिप रोसिदी यांनी सुरू केलेला रांचागे पुरस्कार १९८९ पासून सुंदानी साहित्याला दिला जातोय. तरी बांडुंगमधले तरुण आईबाप मुलांशी इंडोनेशियन बोलतात. एनिनची नात त्यांना इंडोनेशियनमध्ये उत्तर देते. कारण विचारलं तर म्हणते, चुकीची पायरी वापरली तर उद्धट दिसेन, त्यापेक्षा इंडोनेशियन बरी. मला तुआंगचा दिवस आठवला आणि त्या मुलीचं म्हणणं पोटात कालवलं. जी रीत मान राखायला आली, तिच्याच भीतीने भाषा सुटतेय.

उइघुर बोलणारे एक कोटीहून अधिक. चीनच्या घटनेचं चौथं कलमसुद्धा प्रत्येक समाजाला आपली भाषा आणि लिपी वापरायचं स्वातंत्र्य देतं. पण २०१७ मध्ये होतान विभागाच्या शिक्षण खात्याने शाळांमध्ये, बालवाडीपासून, उइघुर वापरायला बंदी घालणारा आदेश काढला. त्याआधी २०१३ मध्ये अब्दुवेली अय्यूप या भाषातज्ज्ञाला अटक झाली. काश्गरमध्ये त्यांनी उइघुर भाषेची बालवाडी चालवली होती. पंधरा महिने ते कैदेत होते. एका भाषेला लोकांच्या मनातल्या धास्तीने ओहोटी लागलीय आणि दुसरीला सरकारी हुकमाने. या दोन गोष्टी मला एका तागडीत घालवत नाहीत.

अल्माटीत मात्र उइघुर शाळा आहेत, १९३४ पासून चालत आलेलं उइघुर नाट्यगृह आहे. आपा मला तिथे तीनदा घेऊन गेल्या. २०१७ पासून डब्यात एकही नवीन पत्र आलेलं नाही. त्यांनी मला हे एकाच वाक्यात सांगितलं आणि विषय बदलला.

लिपीवेडा

ताई, जमलं तर आपांच्या आणि एनिनच्या आवाजात काही शब्द ध्वनिमुद्रित करून इथे टाकाल का? मूल आणि मुलं एवढं जरी टाकलंत तरी चालेल. एकीचं अनेकवचन शेपटीला लागतं आणि दुसरीचं शब्दाच्या पोटात शिरतं असं वाचलंय.

अनुराधा_दूरदेशी

केलं! आपांनी लगेच आवाज पाठवला: बाला, बालिलार. मागे चहाच्या कपांचा आवाज आहे, तो काढून टाकायचं मन झालं नाही. एनिनचं आज संध्याकाळी घेतलं: बुदाक, बारुदाक. तुम्ही म्हणता तसंच, पहिल्या अक्षराच्या पोटात 'आर' शिरतो. शब्दाच्या शेवटी 'र' असेल तर त्याचा 'आल' होतो, म्हणून एक जण दाहार आणि सगळे जण दालाहार. एनिननी आपांचा आवाज दोनदा ऐकला, 'बालिलार' स्वतः म्हणून पाहिलं आणि विचारलं, त्यांचं जेवण झालं का. अर्थातच, तुआंग.

दोन्ही फाइली उद्या टाकते. आत्ता लेकीला झोपवायचंय. मघाशी ती खिडकीत उभी राहून गल्लीतल्या मुलांकडे बोट दाखवत मला मराठीत म्हणाली, "आई, खाली पारोरं खेळतायत." आधी मला कळलंच नाही. मग लक्षात आलं: पोरं, पण एनिनच्या नियमाने.